चारचं गिऱ्हाईक

फोटोग्राफरने दिव्याचं स्टँड वीतभर डावीकडे ओढलं.

"नाकाची सावली ओठावर येतेय. हनुवटी उचल."

स्टुलावर बसलेल्या त्याच्या बायकोने हनुवटी उचलली. गिऱ्हाईक दिव्यांखाली ताटकळून कोमेजू नये म्हणून आधी तिला बसवून उजेड लावायचा, ही या स्टुडिओची बावीस वर्षांची पद्धत. ती मुख्याध्यापक झाली होती, नवरी झाली होती, एकदा तर पाठोपाठ दोन्ही जुळे भाऊ झाली होती. 'तयार' म्हटलं की तिने उठायचं आणि खऱ्या माणसाने बसायचं. बाहेरच्या काचेमागे फोटोंतले चाळीस चेहरे हसत होते. त्यांत तिचा नव्हता. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

"चारला कोण म्हणालीस?"

"एक बाई. एकटीच आहे."

"उंची?"

"माझ्याएवढी."

"रंग?"

"माझ्यासारखाच."

"बरं झालं. फार हलवाहलव नको."

नोंदवहीत आजच्या पानावर ते बिननावाचं गिऱ्हाईक तिनेच लिहिलं होतं. केस धुतले होते, ठेवणीतलं कानातलं घातलं होतं. त्याने 'तयार' म्हटलं की सांगायचं, ती बाई मीच, काढा माझा फोटो. सकाळपासून तिने हे शंभरदा घोकलं होतं. एकदा तरी त्याने आपल्याकडे आपल्यासाठी बघावं, एवढीच तिची आस होती.

"वा! तयार."

आणि ती उठली. पायांना सवयच ती. तोंड उघडायच्या आत बाजूला जाऊन उभीसुद्धा राहिली. त्याने दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"सव्वाचार झाले. आलीच नाही बघ. कर बंद दिवे."

तिचा हात बटणावर गेला आणि तिथेच थांबला.

"आली होती हो," ती म्हणाली. "तुम्ही तयार म्हणालात, आणि मेली उठली."

 मग त्याचं लक्ष तिच्या कानांकडे गेलं. बराच वेळ तो नुसता बघत राहिला.

"मग तिला ताटकळत नाही ठेवायचं," तो शेवटी म्हणाला. "उजेड लागेपर्यंत मी बसतो. तू लाव. तुला येतंच की सगळं."

तो स्टुलावर बसला. तिने मोठा दिवा त्याच्या तोंडावर वळवला. त्याने डोळे बारीक केले, कपाळावर हात आडवा धरला, मान पुढे काढली.

"अगं, आहेस कुठे तू? इथून तर काहीच दिसत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.