नवरदेवाच्या गालावरचं लिंबू

मित्रांनो, आधी जरा दोन हात लांब उभे राहा. मी लिंबोणी आहे, म्हणजे लिंबाचं झाड, आणि मला काटे आहेत. फांदी ओढायला गेलात तर ओरखडा तुम्हाला निघेल आणि नाव माझं खराब होईल. मी आता बरीच जुनी झाले आहे. खोडाला गाठी आल्या आहेत, पण बोलायची हौस काही गेलेली नाही.

माझा जन्म केम गावाजवळच्या एका रोपवाटिकेत, काळ्या पिशवीत झाला. भीमा नावाचा, रेल्वेचे रूळ सांभाळणारा ट्रॅकमन कामानिमित्त तिकडे आला होता. त्यानं मला ओल्या गोणपाटात गुंडाळून पॅसेंजरनं सोलापूरजवळच्या होटगीला आणलं. आयुष्यात मला तेवढा एकच प्रवास घडला, तोही बाकाखाली बसून. स्टेशनजवळच्या त्याच्या अंगणात, रांजणाशेजारी त्यानं मला लावलं. पहिली काही वर्षं मी नुसतीच पानं काढली. भीमाची बायको मीनाबाई येता-जाता टोमणा मारायची, "नुसती काट्याची जाळी हाय ही!" मग एका उन्हाळ्यात मला लिंबं लागली आणि तिचं तोंड बंद झालं.

तेव्हापासून माझा रुबाब वाढला. सोलापूरचं ऊन तुम्हाला काय सांगायचं! त्या उन्हात रुळावर राबणाऱ्यांसाठी भीमा पाण्यात माझी लिंबं पिळायचा, मीठ आणि साखर टाकायचा. घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ त्यातून परत मिळायचं. मेथीच्या भाजीवर, मटकीच्या उसळीवर माझी फोड पिळली की त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि हिरड्यांना हवं असलेलं क जीवनसत्त्वही मिळतं. उरलेल्या सालीला मीठ लावून मीनाबाई तांब्याची भांडी लखलखीत घासायची. लसूण सोलून वास लागलेल्या हातांनाही तीच साल. शेजारच्या अक्कम्मा तर लोणच्यासाठी ओटीभर लिंबं न्यायच्या आणि जाताना माझ्या बुंध्यावरून हात फिरवायच्या. खोटं कशाला बोलू, कौतुक करून घ्यायला मला फार आवडतं.

भीमाचा मुलगा बुद्धभूषण माझ्या डोळ्यांदेखत वाढला आणि बापासारखाच ट्रॅकमन झाला. गेल्या उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं. मुलगी शुभदा, सोलापुरातल्या एका दवाखान्यात नर्स. दोघांची फोनवरची बोलणी माझ्याच सावलीत चालायची. भूषण हसायचा, लाजायचा, आणि फोन ठेवला की मोबाइलच्या काचेत आपलं रापलेलं तोंड बघून उदास व्हायचा. त्यातच कुठल्याशा व्हिडिओत एका बाईनं सांगितलं, लिंबू चोळा आणि गोरे व्हा. झालं! भूषणला तेवढंच पुरलं.

बाटलीत लिंबू पिळून झालं की फोड फेकून द्यायची, ही ट्रॅकवरची रीत. भूषण ती फोड तोंडाला चोळू लागला, तेही भर दुपारी, खडीवर उभा राहून. दोन-तीन दिवसांतच गाल लालभडक झाले, आगीनं तो तळमळला, आणि मग दोन्ही गालांवर अन् कपाळावर तपकिरी पट्टे उमटले. लग्न अगदी तोंडावर आलं होतं. भूषणनं आईला सगळं सांगितलं आणि तो टॉवेलानं चेहरा गुंडाळून माझ्याखाली बसून राहिला. शुभदाचे फोनही त्यानं उचलले नाहीत.

"आई, तिनं ह्ये तोंड बघितलं तर लगीन मोडंल की गं," तो म्हणाला. ऐकून मला फार वाईट वाटलं.

मीनाबाईचा सगळा राग माझ्यावर निघाला. "अवो, आदी ही लिंबोणी तोडा! पोराच्या तोंडाचं वाटोळं केलं हिनं. मांडवालाबी जागा हुईल." भीमा उठला आणि घरातून कुऱ्हाड घेऊन आला. मित्रांनो, वारा नव्हता, तरी माझी पानं हलत होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. शुभदा दवाखान्यातून तडक आली होती. डोळे रडून सुजलेले होते.

"जयभीम मामा," ती भीमाला म्हणाली. "यांना लगीन नको असंल तर समोर सांगावं की. लपून कशाला बसायचं?"

भूषणनं मान खाली घालून टॉवेल सोडला. शुभदा बघतच राहिली.

"लिंबू लावून उन्हात गेलता व्हय तुमी?"

भूषणनं मान डोलावली. आणि ती पोरगी अशी काही हसली की भीमानं कुऱ्हाड खाली टेकवली.

"लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं की असंच भाजतं," ती म्हणाली. "गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, उन्हात जाऊ नका, उद्या डॉक्टरांना दाखवू. डाग जातील. पण लग्नापत्तुर न्हाई जायचे."

"मग?" भूषणनं विचारलं.

"मग काय? रुळावर काम करणारा माणूस मी बघून पसंत केलाय. गोरा पायजे असता तर सावलीत बसणारा शोधला असता की!" मग ती भीमाकडे वळली. "आन् मामा, झाडानं लिंबू दिलं. तोंडाला फासा म्हणून त्यानं सांगितलं व्हतं का?"

आता मीनाबाईलाही हसू आवरेना. "ठिवा वो ती कुऱ्हाड. मांडव जरा सरकवून घालू," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की अंगावर असतील नसतील तेवढी लिंबं तिच्या पदरात टाकावीशी वाटली.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं थोडंच आहे. मला प्या, भातावर पिळा, माझं लोणचं घाला, आणि उन्हाळ्यात माझ्या बुडाशी बादलीभर पाणी ओता. पण कुणाचं तरी ऐकून मला गालाला फासू नका, आणि आपल्या रंगाला आपणच नावं ठेवू नका.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड उन्हातून आलं, तेव्हा अक्कम्मांनी प्रत्येकाच्या हाती माझं गार सरबत दिलं. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, आणि नवरा-नवरी फोटोसाठी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. फोटोवाला भूषणच्या कानाशी लागला, "दादा, काळजी करू नका. कॉम्प्युटरवर डाग पुसतो, रंगबी उजळून देतो."

भूषणनं शुभदाकडे पाहिलं आणि मान ताठ केली.

"नको. हाय तसा ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "हिनं ह्येच तोंड पसंत केलंय."