यो. दोन सात

कोमल उजगरेने चिठ्ठी उलगडली आणि तिचा चेहराच पडला.

म्हणजे बघा, दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या रविवारी पनवेलच्या त्यांच्या चर्चमध्ये उपासना संपली की तरुण संघातली सगळी पोरंपोरी मागच्या बाकांवर जमायची आणि वर्षाचं वचन काढायची. स्टीलच्या डब्यात छापील कार्डं असायची, कडेने गुलाबाची फुलं, मधे बायबलमधलं एक वचन. डोळे मिटायचे, प्रार्थना करायची, हात घालायचा, आणि जे येईल ते आपलं, देवाने या वर्षासाठी दिलेलं. मग ते कार्ड घरी कपाटाच्या आरशावर चिकटायचं आणि, खरं सांगायचं तर, तिथेच राहायचं. कोमलच्या आरशावर तर अशी कार्डं एकाखाली एक लागलेली, तोंड बघायला जेमतेम जागा उरलेली. पण त्या वचनाच्या आधी बायबलमध्ये काय आहे, नंतर काय आहे, हे तिने कधी उघडून बघितलं नव्हतं. कोणीच बघायचं नाही.

आणि दोन हजार अकरा साली प्रितमदादाने घोळ घातला. प्रितमदादा म्हणजे तरुण संघाचा लीडर, तळोज्याला केमिकल कंपनीत होता. त्याचं म्हणणं, तुम्ही लोक पाणीपुरीतलं पाणी पिऊन पुरी टाकून देणारे आहात, आता पुरी खायची. म्हणून त्याने कार्डं ठेवली बाजूला, स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या, आणि त्यांवर वचनच लिहिलं नाही. नुसतं पुस्तकाचं नाव, तेही तोडलेलं, पुढे अध्याय आणि ओळीचा नंबर. जा घरी, शोधा, वाचा.

तिच्या शाळेतल्या मैत्रिणीला, किशोरीला, ‘स्तो.’ आलं, स्तोत्रं, ती तर नाचायलाच लागली. आणि कोमलच्या चिठ्ठीवर काय, तर ‘यो. २:७’.

आता ‘यो’ म्हणजे कोणता यो? योहान? योना? योएल? तिघंही बायबलमध्ये आहेत आणि तिघांनाही दुसरा अध्याय आहे.

एरवी कोमलने हसून सोडून दिलं असतं. पण त्या वर्षी तिला वचन हवंच होतं, आणि ते स्वतःसाठी नाही, पप्पांसाठी. पप्पा म्हणजे शमुवेल उजगरे, तळोज्यालाच ऑपरेटर होते, पण वेगळ्या कंपनीत, आणि ती कंपनी नाताळाच्या तोंडावर बंद पडली. तेव्हापासून पप्पा घरात होते पण नव्हते. रोडपालीच्या त्या वन रूम किचनमध्ये आवाज बंद करून टीव्ही बघत बसायचे. चर्चला येणं सोडलं. जेवताना प्रार्थना मम्मीच करायची, आणि मम्मी हॉस्पिटलमध्ये नर्स, तिची नाइट ड्युटी असली की कोणीच करायचं नाही. कोमलला भीती ही होती की पप्पांचा विश्वासच गेला, आता ते परत बोलणारच नाहीत, ना देवाशी ना आपल्याशी. तिने ठरवलं होतं की यंदाचं वचन नोकरीचं येणार आणि ती ते पप्पांच्या बाजूला, त्यांच्या दाढीच्या आरशावर लावणार. आणि आलं हे.

प्रितमदादाला विचारावं, तर त्याला त्याच संध्याकाळी कंपनीने गुजरातच्या प्लांटवर पाठवलेलं, महिना-दीड महिना. तिने एसएमएस टाकला, दादा, यो म्हणजे कोण? ‘यो.’च्याही चिठ्ठ्या त्याने लिहिल्या होत्या, त्यामुळे त्याला वाटलं, हिला आयतं पाहिजे. त्याचं उत्तर आलं, वाच म्हणजे कळेल.

बरं, वाचते, म्हणाली.

पहिलं योहान उघडलं. दोन सात. लग्नाचं घर आहे, द्राक्षारस संपलाय, आणि येशू नोकरांना सांगतो की रांजणांत पाणी भरा. बस. आता हे काय पप्पांच्या आरशावर लावायचं? घरात आधीच पाण्याचा प्रॉब्लेम. मग योएल. तिथे तर सैन्यासारखं काहीतरी भिंतींवर चढत येतंय. घाबरून तिने पुस्तक मिटलंच. आणि योना म्हणजे माशाच्या पोटातला, एवढं संडे स्कूलमुळे माहीत, पण पोटात बसून तो काय म्हणाला हे कोणाला आठवतंय? तिच्या लक्षात आलं की नुसती सातवी ओळ वाचून काही निवडता येत नाहीये. तिन्ही पुस्तकं पहिल्यापासून वाचायला लागणार.

आता वाचायचं कधी? तरुण संघात सगळे म्हणायचे, रोज शांत वेळ काढा. ज्यांच्या घरी शांत वेळ असते त्यांनी काढावी. कोमलच्या वरच्या मजल्यावर मिक्सर, खाली रिक्षा स्टँड. शांत म्हणावं तर एकच वेळ, पहाटे पाणी यायचं ती. आणि ती पण कसली शांत, नळाची धार, बादल्या, आणि समोरच्या दारात जनीमावशी. जनीमावशी उरणकडची, कोळीण, पनवेलच्या बाजारात मासे विकायला बसायची. तीही त्याच वेळी पाणी भरायची, दोन्ही दारं सताड उघडी.

पाणी आता पप्पा भरायचे. तेवढं एकच काम ते करायचे. कोमल स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बायबल घेऊन बसली. मोठ्याने वाचायला लागली, कारण मनातल्या मनात वाचलं की ती जुनी मराठी डोक्यात शिरायचीच नाही. पप्पांनी बघितलंसुद्धा नाही. पिंपात पाइप धरून उभे.

योनाला देव सांगतो एक, तो पळतो भलतीकडेच, जहाजात बसतो, वादळ येतं, लोक त्याला समुद्रात टाकतात, आणि मोठा मासा येऊन त्याला गिळतो. इथपर्यंत आली आणि समोरून आवाज.

“थांब गो. कंचा मासा?”

कोमल म्हणाली, मोठा मासा, एवढंच लिहिलंय.

“असा कसा? घोळ हाय का, मुशी हाय का, काय तं नाव असंल. मानूस गिळाचा मावरा आमी तं कदी नाय बगला.” आणि पप्पांकडे वळून, “भाऊ, तुमी शिकले-सवरलेले, तुमाला ठावं हाय का?”

आणि पप्पा हसले. म्हणजे खूप नाही, नाकातून हवा सोडावी एवढंच, पण हसले. म्हणाले, “मावशी, आतून कुठे कळतंय कोणता मासा आहे. सगळा अंधारच.”

कोमलने घाईघाईने पुढे वाचायला घेतलं, हा क्षण जाऊ नये म्हणून. योना आत आहे, पाणी गळ्यापर्यंत, शेवाळ डोक्याला गुंडाळलेलं, तो खाली खाली चाललाय. आणि मग सातवी ओळ आली. त्यात योना म्हणतो की माझा जीव जायला लागला तेव्हा मला देवाची आठवण झाली, आणि माझी प्रार्थना त्याच्यापर्यंत पोचली. तेवढंच. माशाने अजून त्याला बाहेर टाकलेलं नाही. अजून आतच आहे तो.

ती थांबली, कारण पाण्याचा आवाज बदलला होता. पिंप भरून वाहत होतं, लादीवरून पाणी तिच्या पायापर्यंत आलं होतं, आणि पप्पा पाइप हातात धरून तसेच उभे होते.

“परत वाच,” ते म्हणाले.

तिने परत वाचलं. पप्पांनी पाइप बादलीत सोडला. फडकं घेतलं आणि लादी पुसायला लागले, पण बराच वेळ पुसत राहिले, कोरडी झाली तरी. कोमलने तिकडे बघितलं नाही. असं वाटलं, बघू नये.

दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आधी पप्पांनी तिचं बायबल उंबऱ्यावर आणून ठेवलं होतं.

मग ते रोजचंच झालं. योना संपला, योएल काढला. टोळधाड येते, सगळं शेत खाऊन टाकते, काही म्हणजे काही ठेवत नाही. पप्पा नगरकडचे, शेतातले, त्यांना ते लगेच समजलं. म्हणाले, कंपनीच्या गेटवर नोटीस लागली ना, तेव्हा असंच वाटलं होतं, भिंतीवरून चढून आत आलंय काहीतरी. एवढं मोठं वाक्य ते नाताळानंतर पहिल्यांदाच बोलले होते. आणि गंमत म्हणजे त्याच अध्यायात पुढे देव म्हणतो की टोळांनी खाल्लेली वर्षं मी तुम्हाला भरून देईन. कोमल सातव्या ओळीलाच पुस्तक मिटून बसली असती तर तिला हे आयुष्यात सापडलं नसतं. मग तिला वेडच लागलं. शाळेत मधल्या सुट्टीत किशोरीला सांगायची, अगं पुढे वाच, तुझं स्तोत्र पण पुढे वाच, तिथेच खरी मजा आहे. किशोरी म्हणाली, तू आता पाळकसाहेबच हो.

आणि मग योहान. लग्नाचं घर, रांजण, पाणी. कोमलला वाटलं, यात पप्पांना काय मिळणार. पण त्या दिवशी पप्पांनी नळ बंद केला. पाणी येत असताना नळ बंद करणं म्हणजे आमच्याकडे केवढी मोठी गोष्ट, ते तुम्हाला माहीत आहे.

“नोकरांनी विचारलं का, पाणी कशाला भरायचं ते?” पप्पांनी विचारलं.

कोमलने परत बघितलं. नाही, म्हणाली. काठोकाठ भरले, एवढंच आहे.

“मग मीही पाणीच भरतोय की रोज. पुढचं त्याने बघावं.”

आणि तिथेच, ओल्या लादीवर, पिंपावर हात टेकून पप्पांनी प्रार्थना केली. मोठ्याने. नोकरीचं नावसुद्धा काढलं नाही. मम्मीसाठी आभार मानले, कोमलसाठी मानले, समोरच्या मावशींसाठी मानले, तर समोरून जनीमावशीने हात जोडले, तिला वाटलं आपल्यालाच काहीतरी म्हणतायत.

फेब्रुवारीत प्रितमदादा परत आला. कोमल चर्चच्या पायरीवरच त्याला गाठून बोलत सुटली, योना असा आणि योएल तसा आणि योहान, दादा, सांग ना यातला माझा कोणता. तो गोंधळला. चिठ्ठी मागितली. तिच्या बायबलमध्येच होती. त्याने ती जवळ धरली, लांब धरली.

“अगं, हा ‘यो’ नाहीये. ‘रो’ आहे. रोमकरांस पत्र. माझा ‘र’ जरा असाच येतो.”

आजूबाजूची पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. किशोरीने तर तिथल्या तिथे तिला ‘योमकर’ म्हणायला सुरुवात केली. कोमलही हसली, पण रोडपालीच्या रिक्षात बसल्यावर तिने चिठ्ठी परत उघडून बघितली. म्हणजे इतके दिवस आपण चुकीचंच वाचत होतो? देवाने दिलेलं बाजूलाच राहिलं, आणि पप्पा ज्याच्यावर उभे राहिले ते दादाच्या घाणेरड्या अक्षरातून आलेलं? आणि हे पप्पांना कळलं तर? ते परत टीव्हीसमोर जाऊन बसले तर?

न सांगून चाललं असतं. पण तिला ते जमेना. घरी गेल्यावर चप्पल काढायच्या आत तिने सांगून टाकलं.

पप्पा भाजी निवडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चिठ्ठी बघितली, आणि असे हसले की समोरचं दार उघडलं. मग म्हणाले, बघू, रोमकरमध्ये काय आहे ते तरी बघू. कोमलने काढलं. दोन सात. जे धीर धरून चांगलं करत राहतात त्यांना देव सार्वकालिक जीवन देईल, असं काहीसं होतं. पप्पांनी हातातली भाजी खाली ठेवली.

“हे जानेवारीत आलं असतं ना कोमल, तर मी ऐकलंच नसतं. धीर धरा, धीर धरा. जो तो तेच सांगत होता मला, पाळकसाहेबांपासून ते गेटवरच्या वॉचमनपर्यंत. मला आधी तो आतला माणूस पाहिजे होता. शेवाळ गुंडाळलेला.” आणि भाजीचं ताट तिच्याकडे सरकवून म्हणाले, “आता हे झेपेल. रविवारी मी येतो चर्चला.”

आले. मागच्या बाकावर बसले, पण आले.

काम लगेच नाही मिळालं. एप्रिलमध्ये मिळालं, उरणकडे द्रोणागिरीला एका गोदामात, पगार आधीपेक्षा कमी. बस पहाटेच असायची, त्यामुळे पाणी भरायचं परत कोमलकडे आलं. पहिल्या दिवशी पप्पांनी डबा घेतला, दारात उभं राहून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

तिने पिंप भरलं, बादल्या भरल्या आणि उंबऱ्यावर बसली. आता कोणाला ऐकवायचं नव्हतं, कोणतं वचन शोधायचं नव्हतं, आरशावर काही लावायचं नव्हतं. तिला जरा चुकल्यासारखंच झालं. मग तिने डोळे मिटले आणि आधी आभार मानायला घेतले. पप्पांच्या डब्यासाठी, बससाठी, दादाच्या त्या भयंकर ‘र’साठी. एकातून एक आठवत गेलं, मागायचं राहूनच गेलं.

डोळे उघडले तर मम्मी ड्युटीवरून आलेली, अजून पांढऱ्या गणवेशात, पायात बूट तसेच. खांद्यावरची पर्स न काढता तिच्या शेजारी उंबऱ्यावरच टेकलेली. तिने विचारलं, आज काय आहे?

कोमल म्हणाली, रोमकर, पहिल्यापासून.

मम्मीने भिंतीला डोकं टेकलं. “वाच,” ती म्हणाली.