साडेचार सेंटिमीटर

निलेशने गाडी माझ्या गॅरेजसमोर आणून लावली तेव्हा तिचं बूड रस्त्याला टेकायचं तेवढं बाकी होतं आणि तोंड आभाळाकडे होतं. डिकी उघडली तर आत आठ चिरे. जांभ्याचे, चांगले ताशीव, कुणाच्या तरी कंपाउंडच्या भिंतीतून उरलेले.

"काय रे, गाडीतच घर बांधतोयस?"

"नाय भाभी. आईला चढता येत नाय ना, म्हणून म्हटलं वजन टाकून गाडी जरा खाली बसवू."

"मग बसली?"

"मागून बसली. पुढून उठली."

समोरच्या टपरीवर हर्षद चहा गाळत होता, तो एवढा हसला की अर्धा चहा गाळणीच्या बाहेर. मी हसले नाही, कारण तोवर मी खाली वाकून पाहिलं होतं. मागचे दोन्ही शॉकअप तेल ओकून मोकळे झाले होते. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, पण स्प्रिंगचं नाचणं आवरायचं काम शॉकअपचं. आठ चिरे घेऊन हा पोरगा घाट चढला-उतरला होता. शॉकअपनी जीव सोडला यात त्यांची काही चूक नव्हती.

निलेशची आई म्हणजे आनंदीबाई. पोफळीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत तेहेतीस वर्षं नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर सावर्ड्यात आल्या. माझ्या गॅरेजच्या मागच्याच आळीत राहतात. माझी लेक झारा त्यांच्याच हातावर झाली. दोन वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर निलेशने आईसाठी म्हणून ही गाडी घेतली. मोठी, ऐसपैस, उंच. एवढी उंच की आईलाच तिच्यात बसता येईना.

फिजिओवालीने सांगितलं होतं, आधी सीटवर बसायचं, मग पाय आत घ्यायचे, पाय टाकून चढायचं नाही. पण सीट बाईंच्या कमरेच्या वर. एकदा स्टूल ठेवून पाहिलं तर स्टूल एकीकडे गेलं आणि बाई दुसरीकडे. नशिबाने निलेशच्या अंगावर पडल्या. तेव्हापासून स्टुलाचं नाव काढायचं नाही. मग निलेश काखेत हात घालून उचलायला लागला. ते तर एकदाच झालं.

"तेहेतीस वर्षं मी माणसं उचलली," बाई म्हणाल्या होत्या, "मला कुणी उचलायचं नाय. मेल्यावर उचला, तेव्हा मी नाय बोलणार."

झालं. दोन वर्षं घर ते अंगण, अंगण ते घर.

आणि आता दाभोळची गोदा, त्यांची धाकटी बहीण, घर बंद करून मुलाकडे बडोद्याला चालली होती, कायमची. येत्या सोमवारी. तिचे गुडघे गेलेले, तिला इकडे येता येत नव्हतं. बाईंना तिकडे जायचं होतं, पण स्वतःच्या पायाने गाडीत बसून. नाहीतर फोनवरच रडू दोघी, असं त्यांनी निलेशला सांगून टाकलं होतं.

"दुसरी गाडी कर की रे भाड्याने, बसकी," मी म्हटलं.

निलेशने मान खाली घातली. "सांगून बघितलं. आई म्हणते, पोराने माझ्यासाठी गाडी घेतली आणि मी दुसऱ्याच्या गाडीतून जाऊ? लोक काय म्हणतील तुला?"

म्हणजे दोघं एकमेकांची लाज राखत घरात बसले होते.

मी गाडीचं माप नंतर घेतलं. आधी शिवणाची टेप घेऊन बाईंकडे गेले. वॉकर धरून ओटीवर उभ्या राहिल्या. टेप लावली तशी पोट आत घेतलं.

"पोट राहू द्या, बाई. कंबर हवीय."

"कशाला गो? ब्लाउज शिवतेस?"

"गाडी शिवतेय."

मग घरातल्या खुर्च्या, पलंग, कट्टा, सगळ्यांवर त्यांना बसवून पाहिलं. हात न लावता, न घाबरता कितीवर बसता येतं? जमिनीपासून साडेपासष्ट सेंटिमीटर. आणि गाडीची सीट होती सत्तरवर. सीट खाली करायचं बटण होतं ते आधीच तळाला. म्हणजे सगळा प्रश्न साडेचार सेंटिमीटरचा होता. पुऱ्या तीन बोटांचाही नाही. त्यासाठी एक माणूस दोन वर्षं घरात.

गाडी खाली बसवायच्या स्प्रिंगा मिळतात. आखूड आणि जरा कडक. पुण्याहून मागवायच्या. निलेश म्हणाला, "स्प्रिंगा घेऊ, शॉकअप साधे टाकू."

"नाय जमणार. आखूड स्प्रिंगेला साधा शॉकअप म्हणजे दहा नंबरच्या पायाला बारा नंबरची चप्पल. चालेल, पण फटक फटक करत. आणि प्रत्येक फटका आईच्या खुब्यात जाईल. जोडीचे माग."

जोडीचे मागवले. हर्षदला राहवेना. "भाभी, खाली बसवलेल्या गाड्या कॉलेजची पोरं फिरवतात, ढाणढाण गाणी लावून. आनंदीबाई काय लावणार, हरिपाठ?"

"काय पण लावतील. तू चहात साखर बघून टाक."

बोलले खरं, पण असं काम मी आधी कधी केलं नव्हतं. गॅरेज मुळात माझ्या नवऱ्याचं, हुसेनचं. तो मस्कतला गेला त्याला अकरा वर्षं झाली. कुलूप लावून जाणार होता, मी किल्ली परत मागून घेतली. पंक्चरपासून सुरुवात केली, मग ब्रेक, मग क्लच. इंग्रजी पुस्तकं डिक्शनरी घेऊन वाचली, मोबाइलवर दाढीवाले गोरे लोक बघितले. अजून नवीन गिऱ्हाईक आलं की आधी विचारतं, मिस्त्री कुठायत?

पार्सल शुक्रवारी आलं. शनिवारी सकाळी गाडी जॅकवर घेतली, चारी बाजूंना स्टँड लावले, चाकं काढली. पुढची स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते. ती दोन शिकंज्यांत धरून फेरा फेरा दाबायची आणि मगच वरचा नट सोडायचा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा घेऊन जाते. त्या वेळी मी कुणाला जवळ उभं राहू देत नाही. निलेशला हर्षदच्या टपरीवर पाठवला. मागचं काम सोपं: शॉकअप सोडायचा, ॲक्सल खाली करायचा, जुनी स्प्रिंग आपसूक हातात येते. नवी तिच्या शेजारी ठेवली तर थोरल्या बहिणीपुढे धाकटी.

दुपारी बोल्ट आवळायच्या वेळेला हुसेनचा व्हिडिओ कॉल. शनिवारी त्याला सुट्टी.

"दाखव," म्हणाला. दाखवलं. "आता गाडी वर आहे तेवढ्यात सगळं आवळून टाक. चाकांचे पाय लोंबताहेत, पाना फिरवायला जागा आहे."

"पुस्तकात काहीतरी वेगळं..."

"अगं, पुस्तक ठेव. आम्ही इथे दिवसाला दहा गाड्या करतो. लिफ्टवरच आवळतो."

माझा हात थांबला आणि मग चालला. नवऱ्याकडून शिकलेल्या चार गोष्टींतली ती एक होती, आणि त्याची बाकीची तीन बरोबर निघाली होती. सगळे बोल्ट लोंबत्या पायांवरच कचकचून आवळले.

चाकं लावली, गाडी खाली घेतली, टेप लावली. अडुसष्ट.

पुन्हा लावली. अडुसष्टच. साडेचार उतरायला हवे होते, उतरले दोन.

हुसेन फोनवरून म्हणाला, "नवी स्प्रिंग आहे. रात्रभर उभी ठेव, बसेल आपोआप."

रविवारी आठ वाजता आनंदीबाई वॉकर टेकत टेकत आळीतून आल्या. नवी सुती साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत गोदासाठी काजूगर आणि नारळाच्या वड्या. माझ्याकडे पाहून हसल्या. गाडीचं दार निलेशने उघडलं, बाईंनी पाठ केली, एक हात दाराला, एक सीटला, आणि टेकायला गेल्या.

टेकल्या नाहीत. साडी सीटच्या कडेला घासली आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा केलं नाही.

निलेशचे हात आपोआप पुढे आले तशी बाईंनी त्याच्याकडे फक्त पाहिलं. हात मागे गेले.

मी टेप लावली. अडुसष्टच. गाडी रात्रभरात एक केस हलली नव्हती.

"चूक माझी आहे, बाई," मी म्हटलं. "कुठे आहे ते अजून सापडत नाय."

बाई टपरीच्या बाकावर बसल्या. मला वाटलं आता घरी जातील. पण त्या म्हणाल्या, "काय काय केलंस ते सांग. पेशंटची हिस्टरी सांगतात तसं. काय गाळू नको."

मी सांगत गेले. बाई मध्ये मध्ये विचारत होत्या: हे कशाला जोडलेलं, ते कुठे हलतं? ॲक्सल बॉडीला जिथे जोडलेला असतो तिथे रबराचे बुश असतात, बोल्ट आवळला की रबर दोन्हीकडून पकडलं जातं आणि मग पाय वरखाली होताना रबर पिळलं जातं, हे सांगितलं तशी त्यांनी हात वर केला.

"थांब. आवळलंस तेव्हा पाय कसा होता?"

"लोंबत होता."

"आणि आता?"

"आता जमिनीवर. वर दाबलेला."

"मग तुझं रबर त्याला परत खाली ओढतंय, नाय का गो? गुडघा वाकवून प्लास्टर घातलं तर माणूस उभा कसा राहील? हाडं धरायची ती ज्या अवस्थेत राहायला हवीत त्या अवस्थेत धरायची. पहिल्या वर्षाला शिकवतात आम्हाला."

मी पुस्तक काढलं. पान सापडलं. चौकटीत, जाड अक्षरांत लिहिलेलं होतं: बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळावेत. ही चौकट मी तीन वर्षांपूर्वी पेन्सिलीने अधोरेखितसुद्धा केली होती.

मस्कतला फोन लावला नाही. ते नंतर, निवांत, चवीने करायचं काम होतं.

गाडी चाकांवर उभी ठेवून तिच्याखाली शिरायचं तर खड्डा हवा. हुसेनने जांभ्यात खणून घेतलेला खड्डा होता, पण अकरा वर्षांत मी त्यात जुनी टायरं आणि आंब्याच्या पेट्या भरून ठेवल्या होत्या. निलेश, हर्षद आणि टपरीवरची दोन गिऱ्हाइकं, सगळ्यांनी मिळून अर्ध्या तासात तो रिकामा केला. गाडी खड्ड्यावर घेतली. मी खाली उतरले आणि सगळे बोल्ट ढिले केले. शेवटचा सुटला तशी गाडीने उसासा टाकल्यासारखा आवाज केला आणि माझ्या डोक्यावर जरा खाली आली. मी खड्ड्यात एकटीच हसले.

"आता वजन," मी खालून ओरडले. "निलेश, तू ड्रायव्हरच्या सीटवर. शेजारी आईच्या वजनाचे चिरे."

"किती?"

"दोन ठेव," बाई बाकावरून म्हणाल्या. "आणि नीट ठेव, माझ्या जागी बसताहेत."

हर्षद मागे बसला. दोघांनाही वरखाली हलायला लावलं, म्हणजे गाडी आपली जागा स्वतः शोधेल. मग एकेक बोल्ट टॉर्कच्या पान्याने, पुस्तकातल्या आकड्याला, टक् आवाज येईपर्यंत. बाहेर आले, दोघांना आणि चिऱ्यांना उतरवलं, सुतळी बांधून चाकांची सरळ रेघ पाहिली. दिव्यांचा झोत आता खाली पडत होता, तो वर करून घेतला. मग टेप.

पासष्ट आणि वर चार रेषा.

मी आकडा मोठ्याने सांगितला नाही. बाईंना म्हटलं, "या."

त्यांनी पाठ केली. एक हात दाराला. सीटकडे दुसरा हात गेलाच नाही, गरज पडली नाही. बसल्या. आपल्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसावं तशा. मग एक पाय आत, दुसरा हाताने उचलून आत. दोन क्षण समोरच्या काचेतून हायवे बघत राहिल्या.

आणि उतरल्या.

"काय झालं?" निलेश घाबरला.

"काय होतंय? परत बसते." परत बसल्या. परत उतरल्या. तिसऱ्यांदा बसल्या तेव्हा टपरीवरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यात काय एवढं. कान मात्र लाल झाले होते. निलेश गाडीच्या पलीकडे जाऊन नाक पुसून आला.

"नसीमा, तू पण चल," बाई म्हणाल्या. "काय वाजलं तर?"

मला तेवढंच हवं होतं. हात धुतले, मागे बसले. धोपाव्याच्या धक्क्यापर्यंत मी कानाने गाडी ऐकत गेले. खड्डा आला की गाडी एकदा दबायची आणि गप्प व्हायची, नाचायची नाही. बाई एकदाही कण्हल्या नाहीत. गतिरोधक आला की मी मागून "तिरकी घे, तिरकी घे," आणि निलेश "घेतोय हो भाभी."

फेरीबोटीपाशी मात्र मी निलेशला थांबवलं. ओहोटी लागलेली, बोटीचा रॅम्प चांगलाच उभा. मी उतरून बंपरखाली डोकं घातलं.

"ओ भाभी, काय पडलं?" बोटीवरचा माणूस ओरडला.

"काय नाय. जागा बघतेय. येऊ दे रे निलेश, हळू. आणखी. आणखी." बंपर आणि लोखंडात दोन बोटं जागा. नंतर एक. मग पुढची चाकं वर चढली आणि जागा वाढत गेली. कुठे घासलं नाही.

पलीकडे दाभोळच्या धक्क्यावर गोदाबाई प्लास्टिकच्या खुर्चीत छत्री उघडून बसल्या होत्या. गाडी त्यांच्यासमोर थांबली. निलेशने दार उघडलं आणि शहाण्यासारखा चार पावलं लांब जाऊन उभा राहिला. आनंदीबाईंनी पाय बाहेर काढले, जमिनीवर टेकवले आणि उभ्या राहिल्या.

गोदाबाईंनी बहिणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग गाडीला. "आक्का, गाडी बुटकी झाली की तू उंच झालीस?"

"मीच," आनंदीबाई म्हणाल्या. "आणि रडू नको, तुझं नाक लाल होतं. सरक तिकडे, मला बसायला दे."

एकाच खुर्चीत दोघी मावेनात. धक्क्यावरचं कुणीतरी दुसरी खुर्ची आणायला धावलं. मी गुडघ्यावर बसून मागच्या शॉकअपवरून बोट फिरवलं. कोरडं होतं.