पडद्यापलीकडचा अंगठा

अकोल्याच्या जिनिंग कारखान्यात कापसाची गाठ पाठीवर कोसळल्यापासून नितेशचे कमरेखालचे अंग निर्जीव होते. अमरावतीच्या रुग्णालयात त्याच्या मणक्यात बसवलेल्या विद्युत्-यंत्राची आज चाचणी होती. त्याने इच्छा केल्यावर पायाचा अंगठा हलतो का, एवढेच पाहायचे होते. पाय त्याला दिसू नयेत म्हणून मध्ये पडदा लावला होता.

"हलवा," डॉक्टर रागिणी म्हणाल्या.

"हालला रे, हालला!" पलीकडून वडील महादेवराव ओरडले.

पुढच्या खेपेलाही तेच. नितेशने उशीवरून मान उचलली.

"बाबा, इलेक्शनचा निकाल सांगून राहिले का? मले तं पायात काईच समजून नाई राहिलं!"

"काका, यंत्र अजून बंदच आहे; आधी तसंच तपासायचं असतं," डॉक्टर चिडून म्हणाल्या.

महादेवरावांनी मान खाली घातली. "पोराले धीर यावा म्हनून बोललो."

"मले धीर नोको, पाय पायजे!"

डॉक्टरांनी यंत्र सुरू केले. नितेशने सगळा जीव पायाकडे लोटला. पलीकडे कोणीच बोलेना. न राहवून त्याने पडदा ओढला. वडील खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर दाबून रडत होते आणि अंगठा हलत होता.

"हे हालनं यंत्राचं का माह्यं?" असे पुटपुटत त्याने मुद्दाम इच्छा आवरली. अंगठा थांबला. मग त्याने पुन्हा इच्छा केली.