जिन्याखालचा शिपाई

"दिसला?"

"दिसला."

"कुठं आहे?"

"जिन्याखाली, पिंपाच्या मागं. बंदूक घेऊन दबा धरून बसलाय."

गर्दीतून 'आहाहा' असा आवाज उठला. भर दुपारी त्या गेमिंग हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हॉलमध्ये बारा खुर्च्या होत्या आणि बारा पडदे. त्यातल्या अकरा पडद्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. सगळी माणसं बाराव्या खुर्चीभोवती गोळा झाली होती, कारण तिथं बसलेल्या माणसाला नुकतीच दृष्टी मिळाली होती. पाच मिनिटांपूर्वी त्याच पडद्यावर, त्याच अंधाऱ्या गोदामात, त्याच जिन्याखाली त्याला मिट्ट काळोखापलीकडे काही दिसत नव्हतं. त्या काळोखातून गोळी येऊन तो खेळात तीनदा मेला होता. आता त्यानं शिपायाला पहिल्याच गोळीत आडवा केला.

दृष्टी देणारे गृहस्थ मागं हात बांधून उभे होते. त्यांना सगळे 'दृष्टीदाते' म्हणत. सहा महिन्यांपूर्वी ते चौकात मोबाइलची कव्हरं विकत आणि तेव्हा त्यांना कुणी काहीच म्हणत नसे. आता अंगात पांढरा सदरा होता आणि आवाजात भलताच संथपणा आला होता.

"शत्रू बाहेर नसतो," ते म्हणाले. "शत्रू डोळ्यावरच्या झापडेत असतो. मी फक्त झापड काढतो. बाकी मी कोण? एक निमित्त."

निमित्ताची फी मात्र ते आगाऊ घेत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. शिष्यानं बाराव्या खुर्चीवर बसायचं, कानाला हेडफोन लावायचे, डोळे मिटायचे आणि एकवीस श्वास मोजायचे. भोवतीच्या लोकांनीही डोळे मिटून 'हूं' असा आवाज धरायचा. कुणी मध्येच डोळे उघडले तर दृष्टी उलटते आणि होती तीही जाते, अशी ताकीद होती. दृष्टीदाते तेवढ्या वेळात शिष्याचे 'अवयव शुद्ध' करत. अवयव म्हणजे पडदा, कीबोर्ड आणि माउस. दृष्टी कायमची मुरायला एकवीस दिवस लागत आणि तोवर रोज याच सिद्ध खुर्चीवर बसावं लागे.

आता तुम्ही म्हणाल, ही खेळणारी मंडळी रात्रंदिवस कॉम्प्युटरसमोर बसलेली, त्यांना एवढंही कळू नये? कळत होतं, तिथंच तर घोटाळा झाला. त्यांनी पहिल्याच दिवशी गेमची सेटिंग्ज उघडून पाहिली होती. ब्राइटनेसची पट्टी जिथल्या तिथं होती. हॉलच्या मालकानं तर मॉनिटरची बटणंही तपासली, तीही जशीच्या तशी. वर दृष्टीदात्यांनी स्वतः होऊन पुरावा दिला. "यंत्राला विचारा. यंत्र खोटं बोलत नाही," असं म्हणून त्यांनी पडद्याचा स्क्रीनशॉट काढून सगळ्यांच्या फोनवर पाठवायला लावला. फोनवर पाहावं तर जिन्याखाली मिट्ट काळोख. "बघा. यंत्राला शिपाई दिसत नाही, शिष्याला दिसतो. मग फरक पडला कुठं?"

"डोळ्यात," सगळे एका सुरात म्हणाले. शहाणी माणसं स्वतः तपासून फसली की मग त्यांना बाहेर काढणं महाकठीण होऊन बसतं.

हॉलच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, रफूकाकू राहत. फाटलेला कपडा त्या असा रफू करून देत की मालकालाच भोक कुठं होतं ते सापडू नये. खालच्या बंदुकांच्या आवाजाची त्यांना सवय झाली होती. दृष्टीदात्यांविषयी त्यांनी ऐकलं होतं, पण ज्यांना काम नाही त्यांचे उद्योग म्हणून सोडून दिलं होतं. सोमवारपर्यंत.

सोमवारी काका खालून वर आले ते शीळ घालत. काका म्हणजे त्यांचे यजमान, अठ्ठावीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डाव्याचा इतका पिकलेला की डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, आता लांबवू नका, जितका घट्ट होईल तितकं काढणं अवघड. गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं.

"गुरुवारचं रद्द केलं," काका म्हणाले.

काकूंच्या हातातली सुई थांबली. "काय रद्द केलं?"

"ऑपरेशन. खालच्या पोरांकडून फोन लावून घेऊन कळवलंसुद्धा. अगं, मला दिसला."

"कोण दिसला?"

"शिपाई. जिन्याखालचा. आधी काळं कुळकुळीत होतं सगळं. मग त्यांनी दृष्टी दिली आणि डोळे उघडतो तर समोर शिपाई. मी स्वतः पाहिला, स्वतःच्या डोळ्यांनी."

"त्या डोळ्यांनी तुम्ही काल खुंटीवरच्या कोटाला 'या, बसा' म्हणालात."

"काल. आज सोमवार आहे."

काकूंनी वर्तमानपत्र पुढं केलं. काकांनी ते लांब धरलं, जवळ धरलं, तिरकं धरलं आणि म्हणाले, "छपाई वाईट आहे." सुईत दोरा ओवायला सांगितला तर म्हणाले, दृष्टी मुरायला एकवीस दिवस लागतात, पहिल्याच दिवशी घाई करू नये.

काकू चिडल्या, मग घाबरल्या. चिडून उपयोग नाही हे त्यांना लवकर कळलं, कारण काका खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच काहीतरी दिसलं होतं. आणि ऑपरेशनच्या नावानं गेला महिनाभर जेवण न उतरणाऱ्या माणसाला आज चार घास जास्त गेले होते. हे सुख हातचं सोडायला कोण तयार होईल? नुसतं 'तो भामटा आहे' म्हणून भागणार नव्हतं. शिपाई दिसला कसा, ते शोधायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू काकांबरोबर खाली गेल्या. काका थाटात बाराव्या खुर्चीवर बसले. पडद्यावर गोदाम आलं, अंधारलेलं. काकूंनी चष्मा पुसून पाहिलं, तर जिन्याखाली त्यांनाही काही दिसेना. दृष्टीदात्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. काकूंनी मिटले. फक्त 'हूं' म्हणायचं त्यांनी टाळलं, कारण रिकाम्या तोंडानं कान जास्त चांगले चालतात असा त्यांचा अनुभव होता. आणि त्या हुंकारांच्या कल्लोळात त्यांना अगदी जवळून बारीक आवाज आला. टिक. टिक-टिक. मग थोडं थांबून पुन्हा टिक.

डोळे उघडायची आज्ञा झाली. जिन्याखाली शिपाई होता. काकूंनाही दिसला, चांगला ठसठशीत. त्या पुढं वाकल्या आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांचं लक्ष शिपायाच्या तोंडाकडे न जाता कपड्याकडे गेलं.

"हा रंग बदलला," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात, माताजी?"

"मघाशी गोदामाबाहेरच्या पहारेकऱ्याच्या अंगात हाच गणवेश होता, मळकट हिरवा. आता पोपटी झालाय. आणि ती भिंत. मघाशी काळी होती, आता वीस वेळा धुतलेल्या विजारीसारखी करडी दिसतेय. अंधार गेला नाही, अंधार विटलाय."

"दृष्टी आली की रंगही खुलतात," दृष्टीदाते प्रेमळ हसले. "आपण डोळे मिटून बसलात ना, म्हणून आपल्यालाही थोडा अंश मिळाला."

"असेल," काकू म्हणाल्या. रफूचं काम करणारी बाई रंगाबद्दल दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. गिऱ्हाईक कपडा आणतं तेव्हा त्या तो दिव्याखाली बघतात, मग खिडकीत नेऊन बघतात आणि दोन्हीकडे दोरा जुळला तरच सुई लावतात. कारण रंग कधी कपड्याचा असतो, कधी उजेडाचा. इथं तर रंग उजेडाचाच होता, आणि उजेड येत होता पडद्यातून. त्यांनी पिशवीतून फोन काढला.

"फोटो काढू?"

"अवश्य. स्क्रीनशॉट सगळ्यांकडे आहेच."

"ते मला जमत नाही. मी आपला बाहेरून काढते, माणसांचा काढतात तसा." काकूंनी फोन पडद्यासमोर धरला आणि फोटो काढला. मग तो हॉलच्या मालकाच्या हातात दिला. "बघा हो. जिन्याखाली कोण आहे?"

मालकानं पाहिलं. पुन्हा पाहिलं. "शिपाई आहे."

"पोपटी?"

"पोपटी."

"माझ्या फोनला यांनी दृष्टी कधी दिली?"

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. दृष्टीदात्यांनी घसा साफ केला. "फोन आपल्या पिशवीत होता, माताजी. त्यालाही अंश मिळाला."

"बरं झालं. मग आता माझ्या आणि या फोनच्या, दोघांच्याही डोळ्यांत अंश आहे आणि यांच्या डोळ्यांत तर अख्खी दृष्टी. अहो, जरा उठा. शेजारच्या अकराव्या खुर्चीवर बसा. हॉलवाले, तिथंही हेच गोदाम लावा."

"सिद्ध खुर्ची सोडू नये," दृष्टीदाते घाईनं म्हणाले.

"दृष्टी डोळ्यांना दिलीत की खुर्चीला?"

याचं उत्तर गर्दीलाही हवं होतं. काका उठले, अकराव्या खुर्चीवर बसले. गोदाम आलं, जिना आला. काका पडद्याला नाक लागेपर्यंत वाकले. काही दिसेना. ज्यांना याच महिन्यात दृष्टी मिळाली होती ते पाचसहा जणही वाकले. त्यांनाही काळोखच दिसला. काकूंनी फोटो काढला, फोनलाही काळोखच दिसला. आणि त्या काळोखातून गोळी येऊन काका मेले.

"एक खुर्ची सरकली तर दृष्टी गेली," काकू म्हणाल्या. "आता हॉलवाले, मला एक सांगा. डोळे मिटल्यावर मी माउसचा आवाज ऐकला, चार वेळा. या खेळाचं सोडून चित्राला उजळ करायची सोय या यंत्रात आणखी कुठं असते?"

मालक बाराव्या खुर्चीवर बसला. खेळ बाजूला सारला. बराच वेळ कपाळाला आठ्या घालून बसला आणि मग त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "ग्राफिक्स कार्ड," तो म्हणाला. "यंत्रात चित्र तयार करणारा भाग. त्या कार्डाची स्वतःची सेटिंग्ज वेगळी असतात. आम्ही गेमची पाहिली, मॉनिटरची पाहिली, कार्डाची पाहिलीच नाहीत."

त्यानं कार्डाचं पॅनेल उघडलं. तिथं गॅमाची पट्टी बरीच पुढं सरकवलेली होती आणि रंगाच्या भडकपणाची जवळजवळ टोकाला. मालकानं सगळं मूळ जागी आणलं. शिपाई गेला. पुन्हा पट्ट्या सरकवल्या. शिपाई आला. त्यानं आठदहा वेळा शिपायाला घालवला आणि आणला. कुणीही डोळे मिटले नव्हते, कुणी 'हूं' म्हणत नव्हतं.

"गॅमा वाढवला की चित्रातले गडद भाग उजळतात," तो आता भरभर सांगू लागला, सुरुवातीपासून त्यालाच माहीत असल्यासारखा. "आणि कार्ड हा बदल करतं चित्र पडद्याकडे धाडताना, अगदी शेवटच्या पायरीवर. स्क्रीनशॉट त्याच्या आधीच निघतो, म्हणून त्यात काळोख. काकूंनी फोटो बाहेरून काढला, म्हणून त्यात शिपाई. आणि शिष्य उठला की हे पुन्हा 'शुद्धी' म्हणून पट्ट्या मागं नेत असणार."

सगळे दृष्टीदात्यांकडे वळले. ते दारापर्यंत पोहोचले होते. "शक्ती कुठल्याही माध्यमातून प्रकट होते," ते म्हणाले, "पॅनेलमधूनसुद्धा." पण आवाजातला संथपणा गेला होता आणि कव्हरं विकतानाचा जुना आवाज परत आला होता. गर्दीतल्या दोघांनी त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. घेतलेली फी परत केल्याशिवाय त्यांना उठू देणार नव्हते.

काका मात्र अकराव्या खुर्चीवरून हलले नव्हते. "पण मला दिसला होता," ते हळूच म्हणाले. "मी खोटं नव्हतो बोलत."

"मला ठाऊक आहे." काकू शेजारी बसल्या. "तुम्हाला दिसला, मलाही दिसला. दिसलं ते खरंच होतं. का दिसलं, ते सांगणारा खोटा होता. अहो, त्या पडद्याच्या कोपऱ्यात किती गोळ्या उरल्यात, वाचा बघू."

काकांनी डोळे बारीक केले. "गोळ्या आहेत," ते म्हणाले.

"किती?"

काकांनी माउस बाजूला सारला. मग ते म्हणाले, "मला भीती वाटते गं. डोळ्याला हात लावणार, चाकू लावणार. हा म्हणाला काही करावं लागणार नाही, म्हणून मला बरं वाटलं."

"मलाही भीती वाटते. महिनाभर वाटतेय." काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. मग त्या गर्दीकडे वळल्या. "यांचं वय झालंय, डोळे अधू आहेत, ते फसले. तुम्ही तर धडधाकट. कुणी चमत्कार दाखवला तर बघा, जरूर बघा. पण तो डोळे मिटायला सांगेल तेव्हा का ते विचारा. त्यानं दिलेल्या पुराव्यावर थांबू नका, आपला स्वतःचा पुरावा काढा. आणि गोष्ट दुसऱ्या खुर्चीवर बसून पुन्हा करून पाहा. तिथं होत नसेल तर तो चमत्कार नाही, सेटिंग आहे. खेळात फसलात तर पुन्हा जिवंत होता. डोळ्यांचं तसं नाही."

काकांनी खिशातून फोन काढला. आकडे दिसत नव्हते म्हणून तो काकूंपुढं धरला. काकूंनी हॉस्पिटलचा नंबर लावून दिला.

"काल तुम्हीच रद्द केलं होतंत ना?" पलीकडची बाई म्हणाली. "डोळे बरे झाले म्हणालात."

"बरे झालेले नाहीत," काका म्हणाले. "मी घाबरलो होतो. गुरुवारची जागा गेली असेल तर पुढची सगळ्यात लवकरची द्या. आणि एक विचारायचं होतं. आत नेईपर्यंत माझी बायको माझा हात धरून थांबली तर चालेल का?"

बाईनं चालेल म्हणून सांगितलं.