बाराला एक

आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत हे मला म्हातारपणी कळलं. म्हणजे पाय रोज पडत होते त्यांच्यावर, पण दवाखान्यातून यांना चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं तेव्हा त्या पहिल्यांदा दिसल्या. मुलाने आणि शेजाऱ्याने खुर्ची उचलून आत घेतली. उचलताना हे डोळे मिटून बसले होते. जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून राबलेला माणूस, स्वतःच ओझं झाला होता. आठवडाभराने मुलगा म्हणाला, "आई, हे रोज कोण करणार? माझ्याकडे लिफ्ट आहे. बाबांना मी घेऊन जातो."

मुलाचं घर दोन खोल्यांचं. तो, सूनबाई, नात, आणि यांची कॉट. पाचव्याला जागा काही केल्या निघत नव्हती. मी रविवारी जायची, पाहुण्यासारखी चहा घ्यायची आणि संध्याकाळी परतायची. घर खायला उठतं म्हणतात, ते खरंच आहे. एका माणसापुरती भाजी करायला मला जमेना. दोघांची व्हायची, मग तीच रात्री, तीच सकाळी.

शेवटी मी ठरवलं. पायऱ्या यांना आडव्या येतात ना, मग पायऱ्याच नकोत. रॅम्प बांधायचा आणि आपला माणूस घरी आणायचा.

मी नववी-दहावीला गणित शिकवत होते. रेषेचा चढ म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवून विचारा. किती वर गेलो, त्याला किती पुढे गेलो त्याने भागायचं. चाकाच्या खुर्चीला चढ लागतो बाराला एक, म्हणजे बारा फूट पुढे तेव्हा एक फूट वर. त्याहून जास्त ठेवला की बसलेल्याला स्वतःच्या हाताने चाकं रेटवत नाहीत. आमच्या पायऱ्या मिळून दीड फूट उंच. मग रॅम्प हवा अठरा फूट, आणि दारापासून कुंपणापर्यंत जागा चौदा फूट.

गवंडी म्हणाला, "बाई, कशाला एवढा खटाटोप? सात-आठ फुटांचा सरळ टाकून देतो. ढकलायला तुम्ही आहातच की."

"त्यांना ढकललेलं आवडत नाही."

"मग तुम्हीच काढून द्या कागदावर. मी बांधतो."

काढून दिलं. एका रॅम्पऐवजी नऊ-नऊ फुटांच्या दोन पट्ट्या, एकमेकींना समांतर. पहिली कुंपणाकडे चढत जायची, तिथे वळायला चार फूट सपाट जागा, मग दुसरी चढत चढत दाराशी परत. नऊ आणि चार तेरा. चौदा फुटांत बसलं! "अहो, बसलं!" मी चक्क मोठ्याने ओरडले. घरात कोणी नव्हतं हे नंतर आठवलं.

आता आमचं घर कुंपणाच्या मानाने तिरकं आहे. आलेख कागदावर कुंपण आडवं धरलं, तर घराची भिंत चार चौकोन पुढे गेल्यावर एक चौकोन वर सरकते. भिंतीचा चढ एक छेद चार. पट्ट्या भिंतीला काटकोनात हव्या, म्हणून कागदावर त्यांचा चढ चार. समांतर असल्यामुळे दोघींचाही तोच. मी कागदावरून मापं घेतली आणि सकाळी अंगणात खडूने रेषा मारल्या. दारात उभी राहून पाहते तर काय, रेषा कुंपणाकडे नीट जायच्या सोडून बाजूच्या पाण्याच्या टाकीवर चालून निघालेल्या!

मग डोक्यात प्रकाश पडला. लंब रेषांच्या चढांचा गुणाकार ऋण एक येतो. चार नव्हे, ऋण चार! ऋण चिन्ह मीच खाल्लं होतं. याच चुकीसाठी मी पिढ्यान्‌पिढ्यांचे मार्क कापले, कान पिळले ते वेगळंच. मी अंगणात उभी राहून खो-खो हसत सुटले. हसता हसता वळले, कोणाला तरी सांगायचं म्हणून. दार सताड उघडं होतं. हसू तोंडातच राहिलं. मला यांची इतकी आठवण झाली की मी तिथेच पायरीवर बसले. मग ओलं फडकं आणून खडू पुसला आणि नव्या रेषा मारल्या.

बांधताना गवंडी म्हणाला, "समांतर म्हणजे कधीच न भेटणाऱ्या, हो ना बाई?" लोकांना तेवढंच आठवतं. दोघींचा चढ सारखा असतो, हे कोणी ध्यानात ठेवत नाही.

रविवारी मुलगा यांना घेऊन आला. मी कॉटवर नवी चादर घातली होती, यांची औषधं ठेवायला कपाटाचा एक खण रिकामा केला होता. यांनी रॅम्प नीट न्याहाळला. "बाराला एक?"

"बाराला एक."

"कोणी हात लावायचा नाही," हे म्हणाले, आणि चाकं रेटायला लागले. पहिली पट्टी, वळण, दुसरी पट्टी. दाराशी पोचले तेव्हा घामाने निथळत होते, पण चेहरा असा फुललेला मी आजारपणानंतर पाहिलाच नव्हता. "अगं, काय नामी काम केलंयस!"

जेवणं झाली. दुपार कलली. हे मुलाला म्हणाले, "निघू या ना रे? डाव अर्धा टाकून आलोय. तुझी पोरगी पत्ते मांडून बसली असेल."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, आईला वाटत होतं, तुम्ही आता इथेच..."

यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "तसं नाही गं. इथे तू वाचत बसतेस, मी भिंत बघत बसतो. तिथे ती पोरगी दिवसभर माझं डोकं खाते. बरं वाटतं मला." मला दुखवावं म्हणून ते बोलले नव्हते, म्हणूनच ते जिव्हारी लागलं. "आणि येत जाईन की मी. आता काय, उचलायलासुद्धा कोणी नको."

मला रडू आलं नाही, राग आला. कोणावर, ते कळेना. मी नुसती "बरं" म्हणाले.

दाराशी मी खुर्चीला हात लावला. "राहू दे गं, जमतं मला," हे म्हणाले. आणि खरंच जमलं. पट्टी उतरले, झोकात वळले, दुसरी उतरले, थेट गाडीपर्यंत गेले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मागे पाहिलं की चाक तिरकं जातं, पुढे बघा, असं सकाळी मीच त्यांना दटावून सांगितलं होतं.