सुंभावर चालवलेली गाडी

१९८६ च्या नोव्हेंबरात पुण्याकडच्या एका मोटार कंपनीने आपल्या दोन दारांच्या गाडीचे दोन खास नमुने रत्नागिरीला आणले. बाजारातली गाडी दिसायला तशीच. पण या दोघींच्या इंजिनांना टर्बो बसवला होता, आणि त्या तिच्या दीडपट जोराने पळत. चढावर त्या किती तापतात, ते आंबा घाटात बघायचं होतं.

पहिली गाडी धाकू मांडवकर चालवत होता. शेजारी प्रकल्पाचे प्रमुख हरिश्चंद्र दिघे. मागच्या गाडीत राजाराम घाणेकर, आणि टर्बोचं काम केलेली इंजिनिअर शालन परचुरे. धाकू आणि राजाराम इथलेच. मुंबईत टॅक्सी चालवता चालवता कंपनीत लागलेले.

पाली मागे पडली, रस्ता मोकळा झाला, तसा राजारामने पाय दाबला. गाडी उसळली. धाकू तोवर पार पुढे निघून गेला होता. वळण संपताच रस्त्यात म्हशी दिसल्या. राजारामने पाय उचलला. इंजिनाचा आवाज मात्र उतरेना.

"बाई, अ‍ॅक्सिलरेटर अडकला!"

तो ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला, तरी गाडी पुढे ओढतच होती.

"चावी फिरवा! एकच खटका, जास्त नको!"

दुसरा खटका फिरला असता तर स्टेअरिंगच अडकलं असतं. शालनने श्वास रोखून चावी फिरवली. इंजिन मेलं. गाडी करकरत गेली आणि शेवटच्या म्हशीपासून हातभरावर थांबली.

शालनने बॉनेट उघडलं. टर्बोच्या उष्णतेने अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचं आवरण वितळलं होतं आणि केबल त्यात चिकटून बसली होती. तिचा चेहरा उतरला.

"दोन्ही गाड्यांना केबल याच वाटेने नेलीय, राजाराम. मीच नेलीय."

राजारामने पुढच्या रस्त्याकडे पाहिलं.

"साखरप्याला चहा घेणार म्हणालेत. त्यानंतर घाटच."

"त्यांना गाठायचं कसं? ही गाडी तर..."

"हिच्याशिवाय दुसरी कुठली गाठणार?"

म्हशीवाल्याच्या खांद्यावर सुंभाचं वेटोळं होतं. शालनने ते मागून घेतलं. केबल सोडवून सुंभाचं टोक इंजिनाच्या झडपेला बांधलं आणि दुसरं टोक बॉनेटच्या फटीतून खिडकीत घेतलं. सुंभ ओढलं की गाडीला जोर मिळणार, सोडलं की स्प्रिंग झडप मिटवणार. स्टेअरिंग, क्लच आणि ब्रेक राजारामचे. वेग शालनच्या मुठीत.

"ओढा. हळू... सोडा! गिअर टाकतो. आता ओढा."

दोनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा धावू लागली. नाणीज गेलं. सुंभाने शालनच्या तळव्याची सालटी निघाली, पण मूठ ढिली झाली नाही. समोरून एसटी आली की राजाराम "सोडा" म्हणायच्या आधीच तिचं मनगट सैल पडायचं.

साखरप्याचा चहावाला म्हणाला, "आत्ताच वर गेले की!"

घाटात दोन वळणं चढल्यावर धाकूची पांढरी गाडी दिसली. राजारामने हॉर्न दाबून धरला. पुढून धाकूनेही हॉर्न दिला, खिडकीतून हात हलवला आणि वेग वाढवला.

"त्याला वाटतंय, आपण शर्यत लावलीय," राजारामच्या कपाळावर घाम आला. "बाई, सोडा. पूर्ण सोडा."

"अहो, ते पुढे निघून जातील!"

"मागे लागलो तर तो आणखी दाबेल. दिसेनासे झालो तर साहेब थांबायला सांगतील."

शालनने मूठ उघडली. गाडी कडेला उभी राहिली. पांढरी गाडी वळणाआड गेली.

आता तिचा आवाज उतरतो का, एवढंच ऐकायचं होतं. दरीतून तो घुमत येत होता, चढत चाललेला. शालनने राजारामचा दंड घट्ट पकडला होता, तिलाही ते कळलं नव्हतं. आवाज चढतच होता. मग टायर किंचाळले, दगड गडगडले, काहीतरी धाडकन आदळलं. नंतर सगळं शांत.

दोघं पळत सुटली.

गाडी दरडीला घासून गटारात रुतली होती. थोडं पुढे रस्ता दरीच्या कडेने वळत होता. दिघे कपाळाला रुमाल लावून रस्त्यावर बसले होते. धाकू आतच होता. त्याचा डावा हात भलत्याच बाजूला वळला होता.

"तुम्ही दिसेनात," दिघे म्हणाले, "म्हणून याला म्हटलं, हळू कर."

"पाय उचलला," धाकू दात आवळून म्हणाला, "पण गाडी ऐकंच ना. चावी सुचलीच नाय. मंग घातली डोंगरात."

राजाराम त्याच्या डोक्यावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

संध्याकाळी रत्नागिरीच्या दवाखान्यात शालन दिघ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "केबलची जागा माझी चूक होती. वर मी तसंच सांगणार आहे."

"आणि चाचणीची घाई माझी होती," दिघे म्हणाले. "तेही सांगा."

तिने दोन्ही सांगितलं. कंपनीने ते नमुने ताडपत्रीखाली झाकून ठेवले. टर्बोची गाडी बाजारात आलीच नाही. शालन कामावर राहिली, पण तिला दुसऱ्या खात्यात बसवलं. धाकूचा हात जुळून आला. तरी तो पुन्हा स्टेअरिंगवर बसला नाही. गुहागरला भावाच्या सुपारीच्या बागेत गेला.

राजाराम गाड्या चालवत राहिला. पण गावी जाताना एसटीत बसला की पुढचीच जागा धरायचा. चढ संपून ड्रायव्हरने पाय उचलला आणि इंजिनाचा आवाज खाली आला, की मगच तो पाठ टेकायचा.